कृत्तिका उत्तरेकडे सरकतात

प्रफुल्ल मुणगेकरांनी तीस वर्षं लालबाग-परळमधल्या लग्नांचे फोटो काढले. एवढ्या लग्नांत त्यांना असा एकही ग्रुप फोटो मिळाला नाही, ज्यात नवऱ्याच्या एखाद्या आत्येने ऐन वेळी डोळे मिटले नाहीत. म्हणून साठी उलटल्यावर स्टुडिओ भाच्याच्या गळ्यात मारून ते आकाशाकडे वळले, तेव्हा त्यांनी पहिलं गिऱ्हाईक निवडलं ते कृत्तिकांचा पुंजका. सहाजणी एकमेकींना चिकटून उभ्या, नटूनथटून, आणि आजवर एकीनेही "माझा चांगला नाही आला, परत काढा" म्हटलेलं नाही.

कॅमेरा तोच होता, लग्नातला मिररलेस. फक्त त्याच्या तोंडाशी आता लेन्सऐवजी भिंगाची दुर्बीण होती, हातभर लांबीची, पांढरी, दुरून पाहिली तर ड्रेनेजचा पाइप वाटावा अशी. तिच्यासाठी त्यांनी लग्नातल्या सगळ्या लेन्सा विकल्या. दुर्बिणीखाली माउंट, म्हणजे आकाश जसं फिरतं तसं दुर्बिणीला हळूहळू फिरवणारं मोटरचं यंत्र. आणि माउंटखाली एक जाड लोखंडी खांब, जो त्यांनी सातेरी निवासच्या गच्चीत, पाण्याच्या टाकीशेजारी, काँक्रीट करून कायमचा रोवला होता. सातेरी निवास म्हणजे लालबागची चार मजली चाळ. तिच्या गच्चीत खांब रोवायला चाळ कमिटीची परवानगी लागते. ती मुणगेकरांना लगेच मिळाली, कारण कमिटीचे सेक्रेटरी तेच होते.

या सगळ्या खटाटोपात एकच काम किचकट असतं. माउंटचा कणा आकाशाच्या उत्तर ध्रुवाकडे नेमका रोखावा लागतो. लालबागमधून ध्रुवतारा दिसत नाही. तो परळच्या टॉवरांमागे कुठेतरी एखाद्या साहेबाच्या बेडरूमला उजेड देत असतो. त्यामुळे मुणगेकरांनी हे काम अंदाजाने, तारा किती सरकतो ते बघत, एक स्क्रू वरखाली करत केलं. डिसेंबरातल्या कित्येक संध्याकाळी त्यात गेल्या. दादरच्या कॉलेजात फिजिक्स शिकवणारी अक्षता, जिच्या आकाशदर्शनाच्या ग्रुपात त्यांनी ही विद्या घेतली, ती म्हणाली होती, "काका, एकदा लागला की लागला. आता त्या स्क्रूला वर्षानुवर्षं हात लावायचा नाही."

मुणगेकरांना हवं होतं ते कृत्तिकांभोवतीचं निळं धुकं. ते डोळ्यांना दिसत नाही, लालबागमधून तर कॅमेऱ्यालाही दिसू नये. इथलं आकाश रात्रभर टपरीवरच्या चहाच्या रंगाचं असतं. पण रोज संध्याकाळी मिनिटा-मिनिटाचे पुष्कळ फोटो काढायचे, महिनाभराचे सगळे कॉम्प्युटरवर एकावर एक रचायचे, शहराचा उजेड वजा करायचा, की तळाशी जे उरतं ते धुकं. लग्नाच्या फोटोतून नवरीची मुरुमं वजा केलेल्या माणसाला ही कल्पना लगेच पटली.

जानेवारीच्या मध्यावर कृत्तिका सरकायला लागल्या.

संध्याकाळचा पहिला फोटो काढताना त्या चौकटीच्या मधोमध असत. शेवटच्या फोटोपर्यंत त्या वर गेलेल्या असत, उत्तरेच्या कडेला. फार नाही, पण एखादं नातेवाइकांचं कुटुंब हळूहळू फोटोबाहेर जेवणाच्या पंगतीकडे सटकतं, तसं. मुणगेकरांनी आधी स्वतःला दोष दिला, मग बायकोला.

"तू खांबाला धरून उभी राहिलीस का?"

"माझी गुडघीच माका गच्चीर येऊक देत नाय," रश्मीवहिनी खालून म्हणाल्या. "खांबाक कशाक धरू? तुमका धरून जल्मभर मेळला ता पुरे नाय काय?"

त्यांनी स्क्रू थोडा फिरवला. कृत्तिका जागेवर थांबल्या. आठवड्याने पुन्हा सरकल्या. पुन्हा उत्तरेकडे. त्यांनी पुन्हा स्क्रू फिरवला, आणि फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की मागच्या वेळीही तो त्याच बाजूला फिरवला होता. तिसऱ्या वेळीही त्याच बाजूला फिरवावा लागला, आणि जरा जास्त.

चाळीच्या उत्तरेला पूर्वी गिरणीची भिंत होती. आता तिथे खड्डा होता. टॉवर अजून आकाशात नव्हता, फक्त होर्डिंगवर होता. पण त्याच्या गाड्यांसाठी जमिनीत तीन मजले खणणं चाललं होतं. माणसांच्या आधी गाड्यांची सोय, हे आजच्या बांधकामाचं पहिलं तत्त्व आहे. रात्रंदिवस पंप चालू असे आणि खड्ड्यात साचलेलं पाणी गटारात ओकत असे. त्या पंपाची चाळीला इतकी सवय झाली होती, की तो क्षणभर थांबला की तान्ही मुलं उठून रडत.

मुणगेकरांनी अक्षताला फोन केला. पंधरा मिनिटं मोटर, गिअर, केबल यांबद्दल बोलले. ती ऐकत होती. मग तिने विचारलं, "काका, स्क्रू दर वेळी एकाच बाजूला फिरवता?"

"एकाच."

"म्हणजे तुम्ही कणा दर वेळी थोडा वर उचलताय."

"हो. खाली गेलेला असतो."

"उत्तरेच्या बाजूला."

"हो."

"काका," ती म्हणाली, "माउंट बिघडला तर वेडावाकडा बिघडतो. असा शिस्तीत नाही बिघडत. तुमचा खांब वाकतोय."

"खांब लोखंडी आहे. काँक्रीटमध्ये आहे."

"काँक्रीट कशात आहे?"

मुणगेकर त्या वेळी खांबाला टेकून बोलत होते. ते हळूच बाजूला झाले, एखाद्या अनोळखी बाईला चुकून धक्का लागल्यावर होतात तसे.

आता ही बातमी दुसऱ्या कुठल्या चाळीत असती, तर सरळ खाली जाऊन सांगता आली असती. पण सातेरी निवासच्या दारात, जिना सुरू होतो तिथे, एक फळा होता. त्यावर ऑइलपेंटने, ठळक देवनागरीत लिहिलं होतं: "ही इमारत मजबूत आहे. जो धोकादायक म्हणेल तो बिल्डरचा माणूस समजावा." अक्षर मुणगेकरांचं होतं. वाक्यही त्यांचंच. खडूने लिहिलेलं पोरं पुसत, म्हणून ऑइलपेंट.

त्याला कारणही तसंच होतं. मागे एका बिल्डरने चाळीवर डोळा ठेवला होता. त्याने सूटबूटातले इंजिनियर पाठवले. ते भिंतीवर टिचकी मारून ऐकत, मान हलवत, आणि चाळ येत्या पावसाळ्यात पडणार असं सांगत. पावसाळे आले नि गेले, चाळ उभी राहिली. शेजारची चाळ घाबरून संक्रमण शिबिरात गेली, दोन वर्षांसाठी म्हणून. तिथल्या मुलांची तिथेच लग्नं झाली. फोटो मुणगेकरांनीच काढले. तेव्हा मुणगेकर आणि कमिटीचे अध्यक्ष राजेश तांबे या दोघांनी घराघरांत जाऊन चाळीला एक गोष्ट पाठ करून घेतली: पडणार म्हणणारा माणूस विकला गेलेला असतो. चाळ परीक्षेत कधी पास झाली नव्हती, पण हा धडा तिने चोख पाठ केला.

राजेश तांबे हा मुणगेकरांचा शाळेपासूनचा मित्र. दुसऱ्या मजल्यावर आई रमाबाईंबरोबर राहायचा. इन्शुरन्समधून रिटायर झालेला, त्यामुळे संकटाची कल्पना त्याला नवी नव्हती. फक्त ते दुसऱ्यावर येतं असा त्याचा अनुभव होता.

"ओळंबा सोड गच्चीवरून," तो म्हणाला. "बघू किती वाकलीये."

मुणगेकरांनी गवंड्याचा ओळंबा आणून सोडला. दोरी खाली भिंतीपासून चांगली चार बोटं लांब लोंबत होती.

"बघ," मुणगेकर म्हणाले.

"काय बघ? ही जन्मापासून तिरकी आहे. माझ्या बापाने भिंतीला कपाट लावलं, तेव्हापासून त्याच्या एका पायाखाली पुठ्ठा आहे."

"पण आता आणखी वाकतेय. रोज. मागच्या महिन्यात नव्हती तेवढी."

"कोण म्हणतं?"

"कृत्तिका."

राजेशने त्यांच्याकडे प्रेमाने पाहिलं. "पल्या, तू हे बाहेर कोणाकडे बोलू नकोस. फळा तूच लिहिलायस."

मुणगेकर बोलले. त्यांनी रविवारी संध्याकाळी चौकात मीटिंग लावली, लग्नात प्री-वेडिंगचा व्हिडिओ दाखवायचा प्रोजेक्टर काढला, आणि भिंतीवर कृत्तिका सोडल्या. संध्याकाळभराचे सगळे फोटो त्यांनी न सावरता एकावर एक रचले होते, त्यामुळे प्रत्येक तारा ठिपका न राहता एक बारीक रेघ झाला होता. सगळ्या रेघा एकाच दिशेला. जानेवारीतल्या आखूड, फेब्रुवारीतल्या लांब. अंधारात त्या भिंतीवर पाहताना खुद्द मुणगेकरांना असं वाटत होतं, की सहाजणी कुणीतरी ओढल्यासारख्या खड्ड्याकडे जातायत.

"हलला फोटो," मागून कोणीतरी म्हणालं.

"फोटो नाही हलला. आपण हललो."

"काका, माझ्या लग्नाचे पण असेच हलले होते," तिसऱ्या मजल्यावरचा विकास म्हणाला. "तेव्हा तुम्ही म्हणालात, मी हललो."

चौक हसला. मुणगेकरांनी समजावून सांगितलं. माउंट, कणा, स्क्रू, सगळं. लोकांनी ऐकून घेतलं. मुणगेकरांचं चाळीवर वजन होतं. ते वजनच आता त्यांच्या अंगावर येत होतं. विकासने मोबाइलवर काहीतरी शोधलं आणि विचारलं, "काका, ही दुर्बीण केवढ्याला पडते हो?"

प्रश्न साधा होता. पण त्यानंतर चौकातली प्रत्येक मान दारातल्या फळ्याकडे वळली. खाली पंपाचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मुणगेकरांनी सांगितलं की लेन्सा विकल्या. लोकांनी मान हलवली, अगदी समजूतदारपणे, जशी मयताला जाऊन हलवतात.

राजेशने अध्यक्ष म्हणून समारोप केला. "सेक्रेटरींचा हेतू चांगला आहे. पण समजा, मी समजा म्हणतोय, खरंच एवढा धोका असता, तर सेक्रेटरी स्वतः वहिनींना घेऊन इथे झोपले असते का?"

हा मुद्दा सगळ्यांना पटला. मुणगेकरांनाही पटला; त्यात खोट काढता येत नव्हती. आणि त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना त्याची दुसरी बाजू दिसली. ते राहिले, तर धोका नाही. ते गेले, तर पैसे घेऊन गेले. मग उरलेले लोक दारं-खिडक्या घट्ट लावून बसतील आणि चाळीबरोबर खाली जातील, पण बिल्डरला बळी पडणार नाहीत. असा पक्का सापळा मुणगेकरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. तो त्यांनीच बनवला होता, तोही ऑइलपेंटने.

दुसऱ्या दिवशी ते एका सरकारी कचेरीत गेले. तिथल्या साहेबांनी चाळीची फाइल मागवली. ती दोघांनी धरून आणली.

"मुणगेकर म्हणजे तुम्हीच ना?" साहेब म्हणाले. "ही सगळी पत्रं तुमची. 'इमारत भक्कम असून पुढची पन्नास वर्षं टिकेल.' फार सुंदर भाषा आहे हो. आमच्याकडे नवीन पोरांना नमुना म्हणून दाखवतो."

"ती तेव्हाची."

"पन्नास वर्षं कुठे झाली?"

साहेबांनी पाहणीसाठी माणूस पाठवण्याचं आश्वासन दिलं. तारीख दिली नाही. जाता जाता मुणगेकरांना चहा पाजला, कारण एवढ्या पत्रांचा लेखक समक्ष भेटणं हा त्यांच्यासाठीही योग होता.

घरी आल्यावर मुणगेकर रश्मीवहिनींना म्हणाले, "तू शिमग्याला म्हणून पुढे जा गावाला. ताईकडे कणकवलीला."

"शिमगो अजून खयंच्या खयं आसा."

"लवकर जा."

वहिनींनी तांदूळ निवडायचे थांबवले. "खरा सांगा. पडतली काय?"

"माहीत नाही. पण वाकतेय."

"मगे तुमीय चला."

"मी गेलो तर बाकीचे कोणी हलणार नाहीत."

"तुमी ऱ्हवलास तरी खय हालतत?" वहिनी म्हणाल्या, आणि पुन्हा तांदूळ निवडू लागल्या. ज्या अर्थी त्या निवडलेले तांदूळ पुन्हा निवडत होत्या, त्या अर्थी त्यांचा विश्वास बसला होता. पण त्याही गेल्या नाहीत.

मुणगेकर गच्चीवर जात राहिले. आता ते धुकं पकडायला जात नव्हते. ताप आलेल्या पोराच्या कपाळाला हात लावायला जातो, तसे जात होते. स्क्रू आता दर तीन-चार दिवसांनी फिरवावा लागे. एकदा त्यांनी फिरवायला हात लावला आणि त्यांच्या लक्षात आलं की स्क्रूचे आटे संपत आलेत. ज्यांनी माउंट बनवला, त्यांनी ग्राहकाची गच्ची इतकी झुकेल असं धरलं नव्हतं.

अक्षताने एक उपाय सुचवला. "लोक म्हणतायत ना की दुर्बीण खराब आहे? मग ती माझ्या गच्चीवर आणा. दादरला. मी तीच दुर्बीण, तोच माउंट, तोच कॅमेरा लावते. इथे तारे थांबले, तर प्रश्नच मिटला. कागदावर लिहून देते, कॉलेजच्या शिक्क्यासकट."

ही पुराव्याची गोष्ट मुणगेकरांना आवडली. अक्षता टॅक्सी घेऊन आली. भर दुपारी त्या दोघांनी दुर्बीण खाली उतरवली, चादरीत गुंडाळून. मग माउंट. मग कॅमेरा. जिन्यावर प्रत्येक मजल्याशी त्यांना थांबावं लागलं, कारण प्रत्येक मजल्याशी कोणीतरी उभं होतं.

"काय ओ भाऊ, दुर्बीण कुठे चालली?"

"दादरला. तपासायला."

"तपासायला," लोक म्हणत, आणि बाजूला होत.

मुणगेकरांना वाटलं, आपण विज्ञानाचं काम करतोय. चाळीने पाहिलं ते निराळं. पत्रं, फोटो, मीटिंगा यांना चाळ फसत नाही. पण कोण काय उचलून नेतंय हे तिला अचूक दिसतं. विकला गेलेला माणूस आधी स्वतःला हलवतो, मग बायकोला, मग फ्रीज. हा माणूस बायकोसकट राहिला होता, आणि जिच्यासाठी लेन्सा विकल्या ती दुर्बीण मात्र चादरीत गुंडाळून, तान्ह्या बाळासारखी, सुरक्षित जागी पाठवून आला होता. भर चौकात फोटो दाखवून जे झालं नव्हतं, ते एका टॅक्सीने केलं.

त्याच संध्याकाळी विकासने टीव्ही खाली उतरवला.

"बिघडला काय रे?" राजेशने विचारलं.

"नाही काका. सासुरवाडीला मॅच बघायची म्हणतायत."

दुसऱ्या दिवशी त्याची बायकोही मॅच बघायला गेली. चौथ्या मजल्यावरच्या शांताबाईंनी मुंबईची हवा मानवत नाही असं जाहीर केलं. ती त्यांना जन्मापासून मानवत होती. कोणाला भाऊ आठवला, कोणाच्या नातवाची परीक्षा निघाली, कोणाच्या घरी रंगकाम निघालं आणि रंगाचा वास सहन होत नाही म्हणून सगळं घर कुलूप लावून वडाळ्याला गेलं. रंगारी मात्र कोणी पाहिला नाही. धोका हा शब्द एकाच्याही तोंडून निघाला नाही. उलट जाताना प्रत्येक जण फळ्यासमोर क्षणभर थांबे, आणि आपण त्या वाक्याच्या विरुद्ध काही करत नाही याची खात्री करून घेई.

मुणगेकर गॅलरीत उभे राहून हे सगळं पाहत होते. सेक्रेटरी झाल्यापासून पहिल्यांदाच ते काही बोलले नाहीत. कोणी बॅग घेऊन निघालं की, "सावकाश जा," एवढंच म्हणत. आपण तोंड उघडलं तर लोकांना लाज वाटेल आणि लाजेखातर ते परत वर चढतील, हे त्यांना कळत होतं.

रमाबाई निघाल्या तेव्हा मात्र त्या थेट मुणगेकरांच्या दाराशी आल्या. काठी टेकून उभ्या राहिल्या.

"गुडघ्यासाठी प्राचीकडं चालले," त्या म्हणाल्या. प्राची म्हणजे त्यांची मुलगी. "तिच्याकडं लिफ्ट हाय."

"बरं केलंत, मावशी."

"गुडघं चांगलं हायेत माजं. तुला ठावं हाय." त्यांनी आवाज खाली केला. "माजा राजा येत न्हाई म्हनतो. अध्यक्ष हाय म्हनं. चारचौघांत बोलून बसलाय. त्याला तूच उतरव आता. त्याच्यासंगं शाळेत बी तूच भिंतीवर चढायचास न्हवं?"

त्यानंतर वहिनीही गेल्या, शिमग्याच्या तयारीला. शिमगा अजून दूर होता. पण गाडीत बसताना वहिनी कोणाच्या डोळ्याला डोळा देत नव्हत्या, त्यामुळे कोणी ते बोललं नाही.

मग चाळीत दोघंच उरले. दुसऱ्या मजल्यावर अध्यक्ष, तिसऱ्यावर सेक्रेटरी.

चाळ रिकामी झाली की ती किती बोलते हे मुणगेकरांना माहीत नव्हतं. माणसांच्या आवाजाखाली इतकी वर्षं दबलेलं सगळं वर येत होतं. लाकडी तुळया करकरत. एखाद्या बंद खोलीत भांडं घरंगळे, आणि घरंगळतच राही, उत्तरेच्या भिंतीला लागेपर्यंत. मुणगेकर रात्री डोळे उघडे ठेवून ते ऐकत. सकाळी राजेश गॅलरीतून वर बघून विचारे, "झोप लागली?"

"मस्त. तुला?"

"गाढ."

मुणगेकर संध्याकाळी खाली त्याच्याकडे जाऊन बसत. एके दिवशी ते सरळ म्हणाले, "राजा, चल. दोघं एकदम जाऊ."

"तू जा ना. तुला कोणी धरलंय?"

"मी गेलो तर तू म्हणशील विकला गेला."

"म्हणेनच."

"आणि तू गेलास तर?"

राजेशने खिडकीबाहेर पाहिलं. खड्ड्यातले दिवे लागले होते. "मी गेलो, तर भर मीटिंगमध्ये बोललो ते खोटं. या लोकांनी माझ्या शब्दावर शेजारच्या चाळीसारखं घर सोडलं नाही. आता मीच पिशवी घेऊन निघू?"

"ते सगळे गेले रे."

"कोणी गेलं नाहीये," राजेश गंभीरपणे म्हणाला. "मॅच बघायला गेलेत."

तेवढ्यात मुणगेकरांचा फोन वाजला. अक्षताने फोटो पाठवला होता. त्यांचे महिनाभराचे फोटो आणि दादरच्या गच्चीवरचे तिचे, सगळे सावरून तिने एकावर एक रचले होते. मुणगेकरांनी चष्मा पुसला. काळ्याभोर आकाशात सहाजणी स्थिर उभ्या होत्या, टाचणीच्या टोकासारख्या. आणि प्रत्येकीच्या अंगावरून निळं धुकं पदरासारखं ओघळत होतं. लालबागच्या चहाच्या रंगाच्या आकाशातून निघालेलं. खाली अक्षताने लिहिलं होतं, "काका, इथे आठवडाभर स्क्रूला हात लावावा लागला नाही. प्लीज आज निघा."

त्यांनी फोन राजेशसमोर धरला. राजेशने बराच वेळ पाहिलं.

"सुंदर आलाय," तो म्हणाला. "तुझ्या आयुष्यातला सगळ्यांत चांगला."

"हो."

"म्हणजे दुर्बीण बरोबर आहे."

"बरोबर आहे."

राजेशने फोन परत दिला, आणि चहाचे कप उचलून मोरीत नेऊन ठेवले. तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. फक्त मुणगेकर वर जायला निघाले तेव्हा म्हणाला, "कडी नको लावूस आतून. उगाच."

उजाडायच्या जरा आधी मुणगेकरांच्या दारावर थाप पडली. ते जागेच होते. दारात राजेश उभा होता, शर्ट-पँट घालून, भांग पाडून, एखाद्या लग्नाला निघाल्यासारखा.

"माझं दार लागत नाहीये," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"रात्री लावलं होतं. आपोआप उघडलं. आता लावायला जातो तर चौकटीत बसत नाही. दोन बोटं बाहेर राहतं." त्याने खड्ड्याच्या दिशेने बोट केलं. "आणि तो पंप बंद आहे."

मुणगेकरांनी कान दिला. खरंच, पंपाचा आवाज नव्हता. खालून दुसराच आवाज येत होता, बारीक, न थांबणारा, गोणीतून तांदूळ सांडत असावेत तसा.

दोघं जिन्याशी आले. चाळीचा जिना अरुंद, एकावेळी एकच माणूस मावेल असा. मयत उतरवतानाही उभी करावी लागे. पहिल्या पायरीशी दोघं थांबले.

"हो पुढे," मुणगेकर म्हणाले.

"तू हो. सेक्रेटरी."

"अध्यक्ष आधी."

"पल्या, मी आधी उतरलो असं कोणाला सांगायचं नाही."

"मग मी आधी उतरलो असं तू सांगशील."

वरून चुन्याची भुकटी राजेशच्या नीट पाडलेल्या भांगावर पडली. त्याने ती झटकली नाही. मुणगेकरांनी त्याचा दंड धरला, तो आपल्या काखेत ओढला, आणि दोघं एकदम, आडवे होऊन, पोटाला पोट लावून, एकमेकांच्या तोंडावर श्वास सोडत ती पायरी उतरले. मग पुढची. शाळेत तीन पायांच्या शर्यतीत ते असेच पळाले होते आणि शेवटचे आले होते. तिन्ही मजले ते असेच उतरले. एकदा राजेशचा खांदा भिंतीला घासला, आणि भिंत ओली होती.

बाहेर रस्त्यापलीकडे, चहाच्या हातगाडीशी, इतक्या पहाटे बरीच गर्दी होती. विकास होता. शांताबाई होत्या, मुंबईची हवा खात. रंगकाम निघालेलं घर होतं. सगळे सहज इकडून चालले होते, आणि सहजच थांबले होते. हातात चहा होता. नजरा मात्र समोर होत्या.

"कुठे निघालात दोघं?" विकासने विचारलं.

"चहा प्यायला," राजेश म्हणाला.

"मी पण," मुणगेकर म्हणाले.

चहावाल्याने दोन ग्लास पुढे केले. मुणगेकरांनी वळून पाहिलं. आकाश फटफटत होतं. कृत्तिका केव्हाच मावळल्या होत्या. सातेरी निवास आणि तिच्या दक्षिणेच्या बिल्डिंगच्या मधली फट, जिच्यातून मांजर जेमतेम जाई, ती खाली अजून तेवढीच होती. वर, गच्चीपाशी, तिच्यातून आकाशाचा एक रुंद पट्टा दिसत होता. हे बघायला आता दुर्बीण लागत नव्हती. सगळे बघत होते आणि कोणीही त्याबद्दल काही म्हणत नव्हतं.

चहावाल्याने स्टोव्ह बंद केला. ग्लास गोळा केले, भरलेलेही. मग हातगाडीच्या चाकाखालची वीट लाथेने बाजूला केली आणि गाडी गल्लीच्या तोंडाकडे थोडी ढकलली. लोक गाडीबरोबर सरकले. त्याने पुन्हा एकदा चाळीकडे पाहिलं, आणि गाडी आणखी थोडी पुढे नेली.